जुन्या स्टीरिओ ध्वनिमुद्रणांतला वाग्नर कसा ऐकावा

१९५४ ते १९६८ या काळात शिकागो, लंडन, व्हिएन्ना, क्लीव्हलँड अशा मोजक्या शहरांत जर्मन ऑपेरांमधल्या वाद्यवृंदाच्या संगीताची काही स्टीरिओ ध्वनिमुद्रणे झाली. साठ-सत्तर वर्षे उलटली तरी ती पुन्हा पुन्हा प्रसिद्ध होतात आणि अनेक जाणकार ती आजच्या डिजिटल ध्वनिमुद्रणांच्या बरोबरीने, क्वचित त्यांच्याही वर ठेवतात. नव्या श्रोत्याला मात्र ती पहिल्यांदा ऐकताना या कौतुकाचे कारण चटकन कळत नाही. मागे फितीची बारीक सळसळ चालू असते, संगीत संथ आणि लांबलचक वाटते, गाणारे कोणी नसते आणि कथाही ठाऊक नसते. माझे म्हणणे असे की, या ध्वनिमुद्रणांत सर्वांत आधी जागा ऐकावी. कोणते वाद्य कुठे बसले आहे, ते आपल्यापासून किती दूर आहे आणि त्याच्याभोवतीचे सभागृह केवढे आहे, हे एकदा कानाला कळू लागले की संगीताची रचनाही आपोआप उलगडू लागते, कारण या संगीतकारांनी स्वरांइतकाच विचार अंतराचा आणि थरांचा केलेला आहे.

त्यासाठी आधी जर्मन ऑपेरात वाद्यवृंदाचे काम काय असते ते समजून घ्यावे लागेल. आपल्या संगीत नाटकात ऑर्गन आणि तबला गायकनटाची साथ करतात. नट थांबला की साथही थांबते आणि नाटक संवादातून पुढे जाते. कार्ल मारिया फॉन वेबरच्या 'डेर फ्रायशुट्झ' या ऑपेरापासून (बर्लिन, १८२१) जर्मन वाद्यवृंद साथीची ही मर्यादा ओलांडू लागला. त्याच्या प्रारंभिक वादनातच चार हॉर्न (गोल वळलेली पितळी फुंकवाद्ये) जंगलाची शांतता उभी करतात आणि लगेच तारवाद्यांची कंपने व टिंपनीचे (नगाऱ्यासारख्या मोठ्या तालवाद्याचे) दबके ठोके त्याच जंगलातली भीती दाखवतात. पडदा अजून वर गेलेलाही नसतो. रिखार्ड वाग्नरने ही कल्पना टोकाला नेली. त्याच्या 'निबेलुंगची अंगठी' या चार नाटकांच्या मालिकेत तलवार, अंगठी, नदी, शाप अशा प्रत्येक गोष्टीला स्वतःची स्वरावली आहे आणि पात्रे जे बोलत नाहीत ते वाद्यवृंद सांगत असतो. म्हणूनच त्यातले वाद्यसंगीताचे भाग गायकांविना मैफलीत वाजवता येतात. वाग्नरच्या हयातीतच ही प्रथा रूढ झाली होती. १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याने स्वतः हान्स रिष्टर या कंडक्टरसह (वाद्यवृंद-संचालकासह) आपल्या ऑपेरांतले उतारे सादर केले होते. तेव्हा तबकडीवर फक्त वाद्यसंगीत ऐकणे म्हणजे मूळ कृतीवर अन्याय, असे मानण्याचे कारण नाही.

आता स्टीरिओविषयी. डावीकडून आलेला आवाज डाव्या कानाला किंचित आधी आणि किंचित मोठा ऐकू येतो. दोन्ही कानांतला हा वेळेचा फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो, तरी मेंदू त्यावरून दिशा ठरवतो. दोन मायक्रोफोन, दोन स्वतंत्र वाहिन्या आणि दोन स्पीकर वापरून हा फरक जपला, तर श्रोत्याला दोन स्पीकरांच्या मधल्या रिकाम्या जागेत वादक बसलेले भासतात. इंग्लंडमध्ये ॲलन ब्लुमलाइन याने १९३१ मध्ये या तत्त्वाच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेने २७ एप्रिल १९३३ रोजी फिलाडेल्फियातल्या वाद्यवृंदाचे वादन टेलिफोनच्या तारांवरून तीन वाहिन्यांनी वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवले. आवाजाची नियंत्रणे सांभाळायला तिथे त्या वाद्यवृंदाचा कंडक्टर लिओपोल्ड स्टोकोव्स्की बसला होता आणि कार्यक्रमात वाग्नरच्या 'ग्योटरडेमरुंग'चा, म्हणजे 'अंगठी'तल्या चौथ्या नाटकाचा, शेवटचा भाग होता. नव्या तंत्राची ताकद दाखवायला वाग्नर निवडावा, हे तेव्हापासूनच ठरून गेल्यासारखे दिसते.

घराघरांत स्टीरिओ पोचायला मात्र आणखी पंचवीस वर्षे जावी लागली. चुंबकीय फितीवर दोन वाहिन्या नोंदवणे तुलनेने सोपे होते; तबकडीच्या एकाच खाचेत त्या बसवणे अवघड होते. १९५७ च्या सुमारास मान्य झालेल्या पद्धतीत व्ही आकाराच्या खाचेची एक भिंत डाव्या वाहिनीला आणि दुसरी उजव्या वाहिनीला दिली गेली, आणि १९५८ पासून मोठ्या कंपन्यांच्या स्टीरिओ तबकड्या बाजारात आल्या. दरम्यान दूरदृष्टीच्या काही कंपन्यांनी १९५४ पासूनच नेहमीच्या मोनो (एकाच वाहिनीच्या) ध्वनिमुद्रणाबरोबर स्टीरिओ फितीही भरून ठेवायला सुरुवात केली होती. आज आपण ज्याला स्टीरिओचे सुवर्णयुग म्हणतो, त्याची पहिली काही वर्षे अशी तबकडीच्या आधीची आहेत.

मार्च १९५४ मध्ये आरसीए कंपनीने शिकागोच्या ऑर्केस्ट्रा हॉलमध्ये कंडक्टर फ्रिट्झ राइनरच्या हाताखाली रिखार्ड श्ट्राउसच्या 'सालोमे' या ऑपेरातले सात ओढण्यांचे नृत्य मुद्रित केले. स्टीरिओसाठी वाद्यवृंदासमोर मायक्रोफोन फार थोडे होते. प्रत्येक वाद्याजवळ स्वतंत्र मायक्रोफोन लावून नंतर यंत्रावर प्रमाण ठरवण्याची सोय तेव्हा नव्हती, त्यामुळे कोणते वाद्य किती ऐकू यावे हे ठरवण्याची जबाबदारी कंडक्टर आणि वादकांवरच होती. ओबो (सनईसारखे लाकडी फुंकवाद्य) एकटा आपली वळणदार ओळ वाजवतो तेव्हा तो मंचाच्या मध्यावर, तारवाद्यांच्या मागे, मापून सांगता येईल इतक्या अंतरावर बसलेला ऐकू येतो, आणि पुढे सगळा वाद्यवृंद उसळतो तेव्हाही तो आपल्या जागेवरून हलत नाही. नंतरच्या काळातल्या अनेक ध्वनिमुद्रणांत एकल वाद्य आले की ते यंत्रावर मोठे केले जाते आणि श्रोत्याच्या अंगावर चालून येते. ही कृत्रिमता या जुन्या फितींत नाही, आणि माझ्या मते त्यांचे मोठेपण प्रामुख्याने यातच आहे.

लंडनच्या डेक्का कंपनीने त्याच वर्षी स्वतःची पद्धत बसवली. कंडक्टरच्या डोक्याच्या किंचित मागे, उंचावर, इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या दांड्यावर तीन मायक्रोफोन लावायचे: एक डावीकडे, एक उजवीकडे आणि एक मध्यभागी थोडा पुढे. डावे-उजवे मायक्रोफोन एकमेकांपासून दूर असल्याने सभागृहाचा प्रतिसाद भरपूर मिळतो, आणि मधला मायक्रोफोन नसता तर मध्यभागी जी पोकळी जाणवली असती ती भरून निघते. डेक्का ट्री या नावाने ओळखली जाणारी ही मांडणी आजही चित्रपटसंगीताच्या मोठ्या ध्वनिमुद्रणांत वापरली जाते.

मायक्रोफोनइतकेच महत्त्व सभागृहाला होते. व्हिएन्नातले डेक्काचे ठिकाण म्हणजे सोफिएनसाल. एकोणिसाव्या शतकात ही इमारत बाष्पस्नानगृह आणि नंतर पोहण्याचा तलाव होती. हिवाळ्यात तलावावर फळ्या टाकून तिथे नाचाचे समारंभ होत. फरशीखाली राहिलेल्या त्या पोकळीमुळे खालच्या स्वरांना एक ऊबदार भरीवपणा येई. जॉन कल्शॉ या निर्मात्याने १९५८ ते १९६५ या काळात इथेच व्हिएन्ना फिलहार्मोनिक हा वाद्यवृंद आणि कंडक्टर गेओर्ग शोल्टी यांच्यासह वाग्नरच्या संपूर्ण 'अंगठी'चे पहिले स्टुडिओ स्टीरिओ ध्वनिमुद्रण केले. त्यातल्या 'डास राइनगोल्ड' या पहिल्या नाटकात वाग्नरने अठरा ऐरणी मागितल्या आहेत, तर कल्शॉने खरोखरच अठरा ऐरणी जमवल्या. ते सभागृह २००१ मध्ये आगीत भस्मसात झाले. नंतर इमारत पुन्हा उभी राहिली, तरी तो जुना नाद आता फक्त या फितींवरच आहे. मुंबईत जन्मलेला झुबिन मेहता १९५४ मध्ये व्हिएन्नातच शिकायला गेला होता. तिथे तो डबल बेस वाजवायला आणि वाद्यवृंदाचे संचालन शिकला, आणि १९६५ मध्ये डेक्कासाठी व्हिएन्ना फिलहार्मोनिकचेच संचालन करू लागला.

लंडनमधले किंग्जवे हॉल हे मूळचे मेथडिस्ट पंथाचे प्रार्थनामंदिर. त्याची फरशी उतरती होती आणि खालून भुयारी रेल्वेची होल्बर्न ते ऑल्डविच ही शाखा जात होती. तिथे झालेल्या अनेक ध्वनिमुद्रणांत शांत जागी गाडीची खोल गडगड ऐकू येते. तरीही कंपन्या अनेक दशके तिथेच येत राहिल्या, कारण तिथे तारवाद्ये जशी मोकळी वाजत तशी लंडनमध्ये इतरत्र क्वचितच वाजत.

किंग्जवे हॉलमध्येच १९६० साली ऑटो क्लेम्पेरर याने फिलहार्मोनिया वाद्यवृंदासह वाग्नरच्या उताऱ्यांची ध्वनिमुद्रणे सुरू केली. पंचाहत्तरीला टेकलेल्या या कंडक्टरच्या उजव्या बाजूवर १९३९ मधल्या मेंदूच्या शस्त्रक्रियेचा परिणाम कायमचा राहिला होता. त्याची एक सवय स्टीरिओत फार मोलाची ठरली. त्या काळी बहुतेक वाद्यवृंदांत पहिली आणि दुसरी व्हायोलिने दोन्ही डावीकडेच बसत, पण क्लेम्पेरर जुन्या जर्मन प्रथेप्रमाणे पहिली व्हायोलिने डावीकडे आणि दुसरी उजवीकडे बसवी. मोनोमध्ये हा फरक पुसला जातो. स्टीरिओत मात्र एका बाजूने विचारलेल्या वाक्याला दुसऱ्या बाजूने उत्तर आलेले स्पष्ट ऐकू येते, आणि एकोणिसाव्या शतकातले संगीतकार ही समोरासमोरची बैठक गृहीत धरूनच लिहीत होते.

वाग्नरच्या 'डी माइस्टरझिंगर' या ऑपेराच्या प्रारंभिक वादनावर याची परीक्षा घ्यावी. आधी गायक-कारागिरांच्या संघाची भारदस्त चाल येते, मग त्यांच्या निशाणाची मिरवणूक, मग तरुण नायकाच्या प्रेमगीताची हळवी ओळ. ही स्वतंत्रपणे ऐकलेली द्रव्ये वाग्नर शेवटाकडे एकाच वेळी वाजवतो. डबल बेस, बासून (खालच्या स्वरांचे लाकडी फुंकवाद्य) आणि ट्यूबा तळाशी संघाची चाल धरून असतात, पहिली व्हायोलिने वर प्रेमगीत गात असतात आणि मधल्या वाद्यांत मिरवणुकीची चाल लहान होऊन लगबगीने धावत असते. क्लेम्पेररची लय संथ आहे, काहींना ती जडही वाटेल. पण त्या संथपणामुळे प्रत्येक ओळीला श्वास घ्यायला जागा मिळते, आणि जागच्या जागी बसलेल्या वादकांमुळे या ओळी एकमेकींत न मिसळता कानावर येतात. पहिल्यांदा फक्त तळाची ओळ धरून ऐकावी, दुसऱ्यांदा फक्त डावीकडची व्हायोलिने, आणि तिसऱ्यांदा काहीच न धरता ऐकावे.

'लोहेनग्रिन'च्या प्रारंभिक वादनात वेगळाच कस लागतो. सुरुवातीला वाग्नरने चार एकल व्हायोलिने आणि उरलेल्या व्हायोलिनांचे चार गट असे आठ थर अगदी वरच्या पट्टीत, अतिशय हळू वाजवायला सांगितले आहेत. जोडीला फक्त बासरी आणि ओबो. मग तीच स्वरावली पायरीपायरीने खाली उतरते: लाकडी फुंकवाद्ये, मग खालची तारवाद्ये आणि हॉर्न, मग ट्रम्पेट-ट्रॉम्बोन आणि झांजेसह पूर्ण प्रकाश, आणि पुन्हा हळूहळू वर विरत जाणे. फितीच्या दृष्टीने ही सुरुवात सर्वांत अवघड असते. फितीवरच्या चुंबकीय कणांमुळे येणारी सळसळ कानाला याच वरच्या पट्टीत सर्वाधिक जाणवते, आणि आवाज इतका हळू असतो की ती झाकायला काहीच नसते. डॉल्बी कंपनीची व्यावसायिक आवाजशुद्धीची पद्धत १९६६ नंतर स्टुडिओंत आली, त्यामुळे आधीच्या फितींत ही सळसळ असणारच. तिच्यावर मन एकाग्र करू नये, तिच्यामागे ऐकावे. सळसळ स्थिर असते आणि कान अर्ध्या मिनिटात तिला बाजूला ठेवतो. व्हायोलिनांचे थर मात्र हलत असतात.

जुन्या फितींची आणखी एक खूण सांगण्यासारखी आहे. गुंडाळून ठेवलेल्या फितीत एका वेढ्याचा चुंबकीय ठसा शेजारच्या वेढ्यावर पुसट उमटतो. त्यामुळे शांततेनंतर मोठा आघात येणार असेल, तर त्याची अंधुक चाहूल एक-दोन सेकंद आधीच ऐकू येते. 'ग्योटरडेमरुंग'मधल्या नायक सिगफ्रीडच्या शवयात्रेच्या संगीतात टिंपनीच्या दबक्या ठोक्यांनंतर सगळी पितळी वाद्ये कोसळतात. अशा ठिकाणी ही चाहूल लागली तर आपले यंत्र बिघडले आहे असे समजू नये.

'डास राइनगोल्ड'ची सुरुवात नेमकी दुसऱ्या टोकाची आहे. डबल बेसच्या वादकांना आपली सर्वांत खालची तार अर्ध्या स्वराने उतरवून ई-फ्लॅट हा स्वर धरायला सांगितले आहे. त्याची कंपने सेकंदाला सुमारे ३९. त्यावर आठ हॉर्न एकामागून एक तीच चढती आकृती घेऊन येतात आणि १३६ मात्राखंड एकाच स्वरमेळावर राइन नदी भरत जाते. इथे तबकडीची मर्यादा आड येते. दोन्ही वाहिन्यांत सारखा असलेला आवाज सुईला आडवे हलवतो, आणि परस्परविरुद्ध असलेला आवाज उभे. खोल स्वरांत ही उभी हालचाल जास्त झाली तर सुई खाचेतून उडू शकते, म्हणून तबकडी कापणारे तंत्रज्ञ खोल स्वर मध्यभागी आणत किंवा थोडे कमी करत. शिवाय स्वस्त टर्नटेबलची घरघर याच पट्टीत असते. शोल्टीच्या १९५८ च्या ध्वनिमुद्रणातला हा पहिला स्वर म्हणूनच सीडीवर किंवा चांगल्या डिजिटल प्रतीत अधिक पूर्ण ऐकू येतो, हे तबकडीच्या चाहत्यांनीही मान्य करायला हरकत नसावी. लहान स्पीकरवर तो मूळ स्वर येतच नाही. ऐकू येतात ते फक्त त्याचे वरचे अंश.

इतके सगळे स्पष्ट ऐकू यावे, अशी वाग्नरची इच्छा तरी होती का, हा प्रश्न इथे रास्त आहे. त्याने जर्मनीतल्या बायरॉइटला बांधलेल्या नाट्यगृहात वाद्यवृंद रंगमंचाखाली, छताने झाकलेल्या खोलगट जागेत बसतो आणि प्रेक्षकाला दिसतच नाही. आवाज आधी मंचावर जातो आणि तिथून मिसळलेला बाहेर येतो. तिथे डावे-उजवे असे फारसे काही उरत नाही. 'पार्सिफाल' त्याने याच जागेसाठी लिहिले. त्याच्या आरंभी व्हायोलिन, चेलो, क्लॅरिनेट आणि बासून एकच संथ ओळ एकत्र वाजवतात आणि कोणते वाद्य वाजते आहे हे ओळखू येऊ नये हाच हेतू आहे. कंडक्टर हान्स क्नॅपर्ट्सबुशने बायरॉइटच्या १९६२ च्या महोत्सवात केलेले आणि फिलिप्सने प्रसिद्ध केलेले 'पार्सिफाल' ऐकले की हा मिसळलेला रंग कळतो. प्रेक्षकांचे खोकणे त्यात आहे, मंचावरच्या पावलांचे आवाज आहेत, तरीही ते सुरुवातीचे वादन मी कोणत्याही स्टुडिओपेक्षा वरचे मानतो. डेक्काने १९५५ मध्ये बायरॉइटलाच योझेफ काइलबर्टच्या संचालनाखाली पूर्ण 'अंगठी' स्टीरिओत मुद्रित केली होती. ती पन्नास वर्षे पडून राहिली आणि २००६ मध्ये लोकांपुढे येऊ लागली. तेव्हा 'माइस्टरझिंगर' स्टुडिओत आणि 'पार्सिफाल' बायरॉइटला, असा भेद करून ऐकणे मला योग्य वाटते, कारण पहिल्याचे सौंदर्य ओळी वेगळ्या कळण्यात आहे आणि दुसऱ्याचे त्या एकजीव होण्यात.

या काळातले वाग्नर ऐकताना एक गोष्ट विसरता येत नाही. वाग्नरने १८५० मध्ये ज्यूंविरुद्ध विखारी लेख लिहिला होता आणि पुढे नाझी राजवटीने त्याचे संगीत आपल्या समारंभांत मिरवले. तरीही स्टीरिओतल्या वाग्नरची थोर ध्वनिमुद्रणे करणारे क्लेम्पेरर, ब्रूनो वॉल्टर, राइनर, जॉर्ज सेल आणि शोल्टी हे सगळे ज्यू कुटुंबांत जन्मलेले होते. क्लेम्पेरर आणि वॉल्टर यांना १९३३ मध्ये जर्मनी सोडावी लागली. शोल्टीने युद्धाची वर्षे स्वित्झर्लंडमध्ये काढली. त्यांनी या संगीताचा त्याग केला नाही. लेखकाचे विचार आणि त्याने लिहिलेले स्वर यांचा हिशेब प्रत्येकाने आपल्या पद्धतीने मांडला असेल, पण ज्यांच्यावर आघात झाला त्यांनीच हे संगीत पुन्हा उजळून दिले, ही वस्तुस्थिती मला आदराने नोंदवावीशी वाटते.

वॉल्टरची ध्वनिमुद्रणे १९५९ आणि १९६१ ची, हॉलिवूडमधल्या एका सभागृहात, खास ध्वनिमुद्रणासाठी जमवलेल्या वादकांबरोबर केलेली. विसाव्या शतकाच्या आरंभी व्हिएन्नात संगीतकार गुस्ताव माहलरच्या हाताखाली काम केलेला हा माणूस ऐंशी ओलांडल्यावर वाग्नर इतक्या मायेने वाजवतो की क्लेम्पेररचा कठोरपणा शेजारी ठेवला तर दोन वेगळे संगीतकार वाटावेत. सेलने क्लीव्हलँडच्या वाद्यवृंदाबरोबर १९६८ मध्ये केलेले 'अंगठी'तले उतारे तिसऱ्या स्वभावाचे आहेत: आवाज जवळून घेतलेला, काहीसा कोरडा, पण 'वालक्युरीं'च्या धावेत तारवाद्यांचा एकेक स्वर सुटा आणि अचूक.

ऐकण्याची तयारी साधी आहे. दोन स्पीकर आणि आपली खुर्ची यांचा समभुज त्रिकोण व्हावा आणि स्पीकर भिंतीपासून थोडे पुढे असावेत. हेडफोनवर बारकावे कळतात, पण वाद्यवृंद डोक्याच्या आत बसल्यासारखा वाटतो आणि सभागृहाची खोली हरवते, म्हणून निदान पहिली ओळख स्पीकरवर व्हावी. आवाज आधी सर्वांत मोठ्या जागेवर सुसह्य होईल इतका ठेवावा आणि मग मध्ये त्याला हात लावू नये. हळू जागी आवाज वाढवला की संगीतकाराने आखलेली अंतरे मोडतात. एकाच ध्वनिमुद्रणाच्या अनेक डिजिटल प्रती मिळत असतील तर जिच्यात सळसळ पूर्ण पुसली आहे ती टाळावी, कारण सळसळीबरोबर व्हायोलिनांच्या वरच्या कडा आणि सभागृहाची हवाही पुसली जाते. जुनी तबकडी घेताना खाचेचा शेवटचा, आतला भाग तिरप्या उजेडात पाहावा. तिथे सुईला कमी लांबीत तितकेच संगीत वाचावे लागते, झीज आधी तिथेच दिसते, आणि वाग्नरच्या उताऱ्यांची सर्वांत मोठी जागा बहुतेक वेळा बाजूच्या शेवटीच येते.